प्रश्न आला तर उत्तर कोणी द्यायचं?

लैंगिक शिक्षणाच्या इतिहासावर काम करायचं ठरवलंत, की पहिली धाव अभ्यासक्रमाकडे जाते. कोणता धडा कधी आला, कोणतं चित्र कधी वगळलं. माझंही सुरुवातीला तेच झालं. पण तुमचा शाळेतला प्रजननाचा धडा आठवून बघा. धडा पुस्तकात होताच की! तरी बऱ्याच वर्गांत तो 'घरी वाचून या' म्हणून संपला. भीती धड्याची नव्हती. मागच्या बाकावरून कोणी काही विचारलं तर, ही होती.

आता या नजरेनं र. धों. कर्वे वाचा. ते विल्सन कॉलेजात गणित शिकवत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. हा प्रचार सोडायला तयार नव्हते, म्हणून १९२५ मध्ये प्राध्यापकी गेली. पुढे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य'. त्यांच्यावरचा १९३४ चा अश्लीलतेचा खटला नीट बघा. तो होता वाचकांच्या पत्रांतल्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी २०० रुपये दंड झालाच. म्हणजे प्रश्न विचारणारा सुटला आणि उत्तर देणारा अडकला!

ही गोष्ट २००७ मध्ये पुन्हा दिसते. केंद्राचा किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी रोखला. गदारोळ चित्रांवरून आणि 'संस्कृती'वरून झाला. विषय राज्यसभेच्या याचिका समितीपर्यंत गेला. कागदपत्रांत पालक आहेत, पुढारी आहेत, विद्यार्थीही आहेत. वर्गात उभं राहणारा शिक्षक मात्र शोधावा लागतो. (मला वाटतं, आपलं काम इथेच सुरू होतं.)

या शिक्षकाची पहिली अडचण भाषेची. अवयवांचे रोजचे मराठी शब्द शिव्यांत गेलेले, पुस्तकातले संस्कृत शब्द तोंडात बसत नाहीत. मग इंग्रजी शब्दाचा आडोसा घ्यायचा; पण गावातल्या शाळेत तो कितीसा कळणार? दुसरी अडचण प्रशिक्षणाची. वरच्यांनी खालच्यांना, त्यांनी आणखी खालच्यांना शिकवायचं. अशा उतरंडीत माहिती खालपर्यंत येते, पण न लाजता बोलायचा सराव वाटेत गळतो.

त्यावर तोडगा म्हणून प्रश्नपेटी. मुलांनी नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. मुलांची सोय झाली खरी, पण चिठ्ठी चारचौघांत वाचायची शिक्षकानंच ना? उद्या कोणी पालक तक्रार घेऊन आला तर नाव त्याचंच पुढे येणार. कर्व्यांनी निदान हा धोका स्वतःहून पत्करला होता. डी.एड.च्या विशीतल्या मुलीला तो नेमणुकीबरोबर मिळतो.

म्हणून मुलाखतीला जाल तेव्हा 'तुम्ही काय शिकवलंत?' इथून सुरुवात करू नका. त्याचं उत्तर प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. थोडी ओळख झाली, चहा झाला, की विचारा: पेटीतली कोणती चिठ्ठी तुम्ही वाचून दाखवली नाहीत?