खोक्यातल्या तीन तबकड्या

१९७७ साली न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरच्या एका दुकानात ॲन ड्रुयन नावाची तरुणी एक रेकॉर्ड शोधत शिरली. दुकान एका भारतीय कुटुंबाचे, घरगुती विजेच्या वस्तूंचे. तिथे एका टेबलाखाली, वरून सोडलेल्या कापडाच्या आडोशाला, धूळ खात पडलेले खोके होते आणि त्यात केसरबाई केरकरांच्या एकाच एलपीच्या तीन कोऱ्या प्रती. तिने तिन्ही विकत घेतल्या. एकाच रेकॉर्डच्या तीन प्रती हिला कशाला हव्यात, यावर दुकानमालकांच्या घरात बराच तर्कवितर्क झाला. त्या कशाला हव्या होत्या, ते आता सगळ्या जगाला ठाऊक आहे. 'व्हॉयेजर' यानांवर पाठवायच्या सोनेरी तबकडीसाठी रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी सुचवली होती आणि ती रेकॉर्ड बाजारातून केव्हाच नाहीशी झालेली होती. २० ऑगस्टला पहिले यान सुटले, ५ सप्टेंबरला दुसरे. १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई गेल्या.

ही हकीकत आपण अभिमानाने सांगतो. पण माझे लक्ष नेहमी त्या खोक्याकडे जाते. एका मोठ्या गायिकेचा आवाज मिळवायचा तर तो कंपनीत मिळाला नाही, एका दुकानातल्या टेबलाखाली मिळाला. हे अपवादाने घडले असे वाटत असेल, तर आपल्या ध्वनिमुद्रणाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहावा. तो बराचसा असाच टेबलाखाली सापडलेला आहे.

आधी न सापडलेल्यांविषयी. केसरबाईंचे गुरू अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात होते. मुंबईत राहत होते, त्याच मुंबईत कंपन्या ध्वनिमुद्रण करीत होत्या. तरी त्यांची एकही तबकडी निघाली नाही. जयपूर घराण्याची गायकी आपण ऐकतो ती शिष्यांच्या गळ्यातून. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांचीही बाजारात आलेली एकही ध्वनिमुद्रिका नाही. आणि भाऊराव कोल्हटकर, ज्यांच्या आवाजाची वर्णने करताना जुन्या लेखकांची लेखणी अडखळत नाही, ते १९०१ साली वारले. पुढच्याच वर्षी फ्रेड गैसबर्ग ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन कलकत्त्याला उतरला.

गैसबर्गचा तो मुक्काम इतिहासात पक्का नोंदलेला आहे. 'ग्रामोफोन अँड टाइपरायटर' कंपनीने त्याला पाठवले होते आणि नोव्हेंबर १९०२ मध्ये त्याने हॉटेलच्या खोलीत पाचशेहून अधिक ध्वनिमुद्रणे केली. त्यांत गौहर जान होती. मायक्रोफोन तेव्हा नव्हता, तो आला १९२५ नंतर. गाणाऱ्याने भल्या मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, कर्ण्याच्या टोकाची सुई थरथरत मेणाच्या जाड चकतीवर रेघ ओढायची. आवाज लहान-मोठा करायचा तर मान पुढे-मागे करायची. मेणाच्या चकत्या जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जात, तिथे तबकड्या छापून परत येत. त्या मजुरांना बंगाली, उर्दू, मराठी येणे शक्यच नव्हते, म्हणून गाणे संपता संपता कलावंताने आपले नाव मोठ्याने सांगायचे असा रिवाज पडला. गौहर जान शेवटी आपले नाव इंग्रजीत सांगते ते त्यामुळे. ऐकणाऱ्याला तो नखरा वाटतो. खरे तर ती कारखान्याला दिलेली चिठ्ठी होती.

१९०८ साली कंपनीने कलकत्त्याला सियालदहला कारखाना काढला आणि तबकडी देशी झाली. तिच्यातला मुख्य माल तर आधीपासूनच देशी होता. तबकडी लाखेची, आणि लाख जगाला मुख्यतः आपल्याच झाडांवरून जाई. दुसऱ्या महायुद्धात ती लाख तुटली तेव्हा, १९४२ साली, अमेरिकेत रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखेवर सरकारला निर्बंध घालावे लागले. छोटानागपूरच्या जंगलातल्या किड्याचा न्यूयॉर्कच्या जॅझशी असा संबंध होता.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे. ज्या नाट्यपदाला 'वन्समोअर' घेता घेता रात्र सरत असे, ते बालगंधर्वांना तेवढ्यात बसवावे लागले. ख्यालाचे तर विचारूच नका. आलाप आटोपता, तान फेकून द्यायची, की सुई आत पोचलीच. जाणकारांनी यावर पुष्कळ नाके मुरडली. मला वाटते, त्यांनी एक गोष्ट दुर्लक्षिली. अब्दुल करीम खाँच्या शेवटच्या काळातल्या ओडियनच्या तबकड्या ऐकल्या, तर तीन मिनिटांत काय वगळायचे याचा निर्णयही गायकीतलाच आहे हे कळते. ज्यांनी त्यांना बैठकीत कधीच ऐकले नाही, त्यांच्यापर्यंत ते पोचले ते या तीन मिनिटांनी.

सुशिक्षित घरांत मग चावीचा फोनो आला. 'कुत्रा छाप' रेकॉर्डींची चवड आली, गाण्यांचे शब्द छापलेल्या कंपनीच्या पुस्तिका आल्या. दर बाजूला नवी पिन लावायची, चावी द्यायची, मुलांनी हात लावायचा नाही. लाखेची रेकॉर्ड हातातून पडली की संपली. पुढे विनाइलची एलपी आली, न फुटणारी आणि एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे वाजणारी. १९७० च्या सुमारास ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड आपल्याकडे बंदच झाली. मग कॅसेट आली आणि घराघरांतून तबकड्यांच्या चवडी माळ्यावर गेल्या. माळ्यावरून रद्दीवाल्याकडे, तिथून मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात.

संग्राहकांची कहाणी इथून सुरू होते. यात श्रीमंत शौकीन थोडे. कारकून, शिक्षक, दुकानदार, प्राध्यापक, असे लोक अधिक. सुट्टीच्या सकाळी बाजारात उकिडवे बसून हजार तबकड्या उलटायच्या आणि दोन घरी न्यायच्या. हे वेड सोपे नव्हे. बुरशी लागलेल्या रेकॉर्डी साबणाच्या पाण्याने धुवायच्या, लेबल भिजू द्यायचे नाही, एकावर एक न रचता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायच्या. घरातल्यांची बोलणी खायची. शिवाय एक क्रूर गंमत आहे. पोलादी पिन प्रत्येक वेळी तबकडी थोडी खरवडते. म्हणून जी रेकॉर्ड लोकांना सर्वांत आवडली ती सर्वांत झिजलेली सापडते, आणि जी कुणी दुसऱ्यांदा लावली नाही ती काचेसारखी लखलखीत मिळते. कोऱ्या तबकड्यांवरून कुणी त्या काळच्या अभिरुचीचा इतिहास लिहायला बसला, तर नेमका उलटा लिहील.

संग्राहक एकेकटा असतो तोवर त्याचा संग्रह म्हणजे पुरून ठेवलेले धन. आपल्याकडची तबकडी दुसऱ्याला दाखवली, तर तो तिची प्रत करून घेईल आणि आपली मिरास जाईल, ही भीती या मंडळींत चांगलीच असे. ती मोडायला एक परदेशी माणूस थोडाफार कारणीभूत झाला, ही आपल्याला जरा खाली मान घालायला लावणारी गोष्ट. मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन संशोधकाने भारतीय ध्वनिमुद्रिकांच्या याद्या बनवायचे काम हाती घेतले होते. त्यांच्यासह, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर आणि मुंबईचे संग्राहक नारायण मुलानी यांनी १९९० साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था सुरू केली. तिचे 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक पुढच्या वर्षापासून निघू लागले. १८९९ ते १९०८ या काळातल्या ध्वनिमुद्रणांची किनिअरची जाडजूड सूची १९९४ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढली. अशा सूचीत गाण्याविषयी रसाळ असे काहीच नसते. क्रमांक, नाव, राग, गाव. पण एखादा क्रमांक गाळलेला दिसला की वाचणाऱ्याची झोप उडते. म्हणजे इथे एक तबकडी होती, आणि ती कुठेतरी असेल.

या संस्थेचे मला सर्वांत मोलाचे वाटलेले काम मात्र छापील नाही. ते म्हणजे श्रवणबैठका. मुंबईत आणि पुढे सोलापूर, तुळजापूर, नांदेड अशा गावांतही रेकॉर्डप्रेमी जमू लागले. एकाने विषय घ्यायचा, पिशवीतून तबकड्या काढायच्या, दोन वाक्ये बोलायची आणि वाजवायचे. ज्याने ती रेकॉर्ड चाळीस वर्षे कुणाला दाखवली नव्हती, तोच आता 'ही ऐका' म्हणून पुढे सरसावतो. माणसाचा स्वभाव बदलला असे नव्हे. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहण्याचे सुख कपाटात कोंडून मिळत नाही, एवढेच.

वादही तिथेच होतात, आणि ते निरर्थक नसतात. उदाहरणार्थ वेगाचा वाद. '७८' हा आकडा पुढे स्थिरावला. सुरुवातीच्या तबकड्या कमी-जास्त वेगाने कोरलेल्या आहेत. दोन फेऱ्यांचा फरक पडला तर षड्ज जवळजवळ पाव स्वराने सरकतो, चार-साडेचार फेऱ्यांचा पडला तर पांढरी चारचा गवई काळी तीनला गाऊ लागतो. आवाज पातळ होतो, तान विजेसारखी चपळ होते, आणि आपण म्हणतो, काय हा गळा! तो गळा नसतो, यंत्राची मोटर असते. एखाद्या जुन्या गायिकेविषयी 'किनऱ्या आवाजाची' असा शेरा पुस्तकापुस्तकांतून चालत आला असेल, तर तो लिहिणाऱ्याने ती कोणत्या वेगाने ऐकली होती हे विचारायला हवे. बैठकीत कुणीतरी साथीच्या पेटीचा सूर धरतो, दुसरा फेऱ्या कमी करतो, तिसरा गायिकेची पुढची एखादी रेकॉर्ड लावून पडताळतो. संगीताच्या इतिहासातले एक वाक्य अशा रीतीने दुरुस्त होते. विद्यापीठांत हे व्हायला हवे होते असे मी म्हणणार होतो, पण विद्यापीठाकडे तबकडीच नव्हती.

आज या जुन्या ध्वनिमुद्रणांपैकी पुष्कळ इंटरनेटवर ऐकता येतात. ज्यांनी ती चढवली त्यांचे उपकार आहेतच. तरी तिथे लेबल नसते, क्रमांक नसतो, वेग कोणता धरला ते कुणी सांगत नाही, आणि शेवटची नावाची घोषणा निरुपयोगी म्हणून अनेकदा कापलेली असते. इकडे पहिल्या पिढीचे संग्राहक वृद्ध झाले. त्यांच्या मुलांना त्या वजनाचे काय करायचे हे कळत नाही, आणि ते त्यांचा दोष आहे असे मला म्हणवत नाही. दोन खोल्यांच्या घरात चार हजार तबकड्यांचे ओझे मजल्याच्या फरशीवर पडते, तसेच नात्यांवरही पडते.

माझ्याकडे चारदोनशेच आहेत. त्यांतली एक जुन्या बाजारातून आणलेली, एकाच बाजूला कोरलेली, म्हणजे १९०८ च्या आसपासची किंवा त्याआधीची. लेबल पाण्याने गेलेले. लाखेत कोरलेल्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे नखाला लागतात, पुढे कडेची कपची उडालेली. बाईचा आवाज, मराठी लावणी, आणि शेवटी नाव. ते नाव नेमके एका खोल ओरखड्यावर येते. तिघांनी ते ऐकले, तिघांनी तीन नावे सांगितली. मी ७४ वर ऐकले, ७६ वर ऐकले. गावाचे नाव साताऱ्यासारखे वाटते. पिनने आणखी खरवडायला नको म्हणून आता लावत नाही. कपाटात उभी ठेवली आहे, पाकिटावर पेन्सिलने दोन आकडे आणि तीन प्रश्नचिन्हे लिहून.