बिअरचा इतिहास लोक वाचतात, पाण्याचा वाचत नाहीत

वीसेक वर्षं श्रीरामपुरात पत्रकारी करतोय. दारूच्या इतिहासावर लिहिलं की अंक हातोहात फिरतो, हे एव्हाना पक्कं कळलंय. पण त्यातलं काय जास्त वाचलं जातं, ते सांगण्यासारखं आहे.

पहिला नंबर माणसांच्या भानगडींचा. १८५० च्या दशकात कसौलीला बिअरचा कारखाना काढणारा एडवर्ड डायर म्हणजे जालियनवाला बागेत गोळीबार करायला लावणाऱ्या जनरल डायरचा बाप. हे छापलं त्या दिवशी टपरीवर दुसरा विषय नव्हता.

दुसरा नंबर दारूबंदीचा. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि प्यायला सरकारी परवाना लागू लागला. आजही बारच्या पाटीवर दिसणारं 'परमिट रूम' ही त्याचीच खूण. हे वाचून जुनी माणसं हसत हसत आपापले किस्से सांगायला ऑफिसात येतात.

तिसरा नंबर अर्थातच आपल्या टिळकनगरचा. १९३३ साली डहाणूकरांनी इथं साखर कारखाना काढला. साखरेतून मळी, मळीतून अल्कोहोल, असं करत करत मॅन्शन हाऊस ब्रँडीपर्यंत गोष्ट गेली. आपल्या तालुक्याचं नाव असलेली बाटली दक्षिणेत खपते म्हटल्यावर न पिणाऱ्याचीही कॉलर ताठ होते.

आणि सगळ्यात शेवटचा नंबर? पाण्याचा. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरं झालं, प्रवरेचे कालवे आले, ऊस आला, म्हणून कारखाने आले, म्हणून मळी आली. सगळ्याचं मूळ हेच. पण हा लेख छापला तेव्हा एक फोन आला नाही.

अपवाद फक्त २०१६ चा. लातूरला रेल्वेनं पाणी नेण्याची वेळ आली होती. तेव्हा हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या दारू-बिअर कारखान्यांचं पाणी आधी निम्म्यानं, मग ६० टक्क्यांनी कापायला लावलं. त्या आठवड्यात बिअर आणि पाणी या दोन्ही बातम्या एक झाल्या आणि सगळ्यांनी वाचल्या. कारण जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की आपल्याकडे एकच वाक्य ऐकू येतं : "आमचं पाणी वाळूजच्या बिअरला चाललंय."

राग खोटा नाही. भर उन्हाळ्यात आवर्तन लांबलं की काय होतं ते मी बांधावर उभं राहून पाहिलंय. पण अर्धाच हिशेब मांडून कसं चालेल? खाली जाणाऱ्या पाण्यावर पैठण, संभाजीनगर, जालना यांची तहानही भागते. आणि बिअरकडे बोट दाखवणारे आपण, आपल्याच उसाच्या मळीतून निघणाऱ्या दारूचा अभिमान बाळगतो. ऊस काय कमी पाणी पितो? २००५ च्या कायद्यानं समन्यायी वाटप सांगितलं, तेव्हापासून वरचे आणि खालचे कोर्टातच भेटतात. कोणत्या पिकाला, कोणत्या कारखान्याला किती पाणी जातं, ही यादी दोन्हीकडचे लोक एकत्र बसून वाचत नाहीत.

म्हणून ठरवलंय. पुढच्या वेळी डायरच्या बापाची गोष्ट परत छापीन, आणि तिच्या खालीच आवर्तनाचा हिशेब छापीन. वरचं वाचायला याल, तेव्हा खालचंही वाचून जा. तेच आपल्या कामाचं आहे.