कापसाचा दुष्काळ आणि मदतीचा न्याय

दुष्काळ म्हटला म्हणजे करपलेली शेते आणि रिकामी धान्यकोठारे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु १८६१ ते १८६५ या काळात इंग्लंडातील लँकेशायर परगण्यावर जो दुष्काळ ओढवला, तो निराळ्याच जातीचा होता. तेथे पाऊस पडत होता, बाजारात धान्य होते, गिरण्याही सुस्थितीत उभ्या होत्या. नव्हता तो केवळ कापूस. अशा प्रसंगी समाजाने प्रथम हात द्यावा तो कोणास? बेकार झालेल्या मजुरास, की थंड पडलेल्या गिरणीस? या प्रश्नाची जी उत्तरे त्या चार वर्षांत शोधली गेली, ती आजही विचार करण्याजोगी आहेत.

लँकेशायरला लागणाऱ्या कापसाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून येई. तेथे गुलामांच्या श्रमावर तो पिकत असे. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. तथापि सर्वच धनिक त्यामुळे बुडाले असे मात्र नव्हे. युद्धापूर्वी कापडाचे अतोनात उत्पादन झाले होते व वखारी मालाने भरलेल्या होत्या. भाव चढताच ज्यांच्यापाशी जुना साठा होता त्यांनी नफा मिळविला. ज्या लहान गिरणीवाल्यांपाशी साठाही नव्हता आणि भांडवलही नव्हते, ते धुळीस मिळाले. म्हणजे 'धंद्याला मदत' हे शब्द उच्चारण्यास सोपे असले, तरी कोणत्या धंदेवाल्याला, हे आधी ठरवावे लागते.

मजुरांची अवस्था मात्र सर्वत्र सारखीच होती. प्रथम शिल्लक पुंजी संपली, मग घरातील सामान गहाण पडले. १८६२ च्या डिसेंबरात सुमारे पाच लक्ष माणसे मदतीवर जगत होती. १८३४ च्या गरिबांच्या कायद्याप्रमाणे त्यांच्या पोषणाचा भार स्थानिक करदात्यांवर पडे. परंतु जेथे बेकारी अधिक, तेथील दुकानदार व घरमालकही तितकेच कंगाल झालेले! दुबळ्याने दुबळ्याला खांद्यावर घ्यावे, असा तो प्रकार होता. म्हणून १८६२ मध्ये नवा कायदा करून त्या भाराचा काही अंश शेजारच्या विभागांवर टाकण्यात आला. लॉर्ड डर्बी यांच्या अध्यक्षतेखाली मँचेस्टर येथे मध्यवर्ती मदत समिती काम करू लागली आणि देशोदेशीच्या देणग्या येऊ लागल्या.

तथापि मदतीबरोबर अविश्वासही वाटला जात होता. मदत घेणाऱ्याने आपण आळशी नाही हे सिद्ध करावे, म्हणून त्यास खडी फोडावयास लावीत. ज्याची बोटे नाजूक सूत कातण्यास सरावलेली, त्याच्या हाती हातोडा आला. मार्च १८६३ मध्ये स्टेलीब्रिज येथे मदतीची रक्कम कमी करून रोख पैशांऐवजी चिठ्ठ्या देण्याचे ठरले, तेव्हा दंगल उसळली व लष्कर बोलवावे लागले. प्रश्न केवळ काही पेन्सांचा नव्हता. आपल्या घरचा खर्च आपण चालवू शकतो, हा मजुराचा अभिमान त्या चिठ्ठीने दुखावला होता.

त्याच महिन्यात मँचेस्टरच्या व्यापारी मंडळाचे माजी अध्यक्ष एडमंड पॉटर यांनी 'टाइम्स' पत्रात आपले मत मांडले. अनेक मजूर परदेशी जाण्यासाठी साहाय्य मागत होते. पॉटर यांचा त्यास विरोध होता. कुशल कामगार निघून गेले तर उद्या गिरण्या चालवावयाच्या कोणी? म्हणून सरकारने कर्ज देऊन त्यांना येथेच पोसावे, असे त्यांचे म्हणणे. त्या मागणीत माणुसकीपेक्षा भांडवलाची काळजी अधिक होती. परंतु मजूर जगल्यावाचून धंदा जगत नाही, ही कबुलीही तिच्यात होती.

अखेर १८६३ च्या उन्हाळ्यात सार्वजनिक बांधकामांचा कायदा झाला. स्थानिक संस्थांना प्रथम १२ लक्ष पौंडांपर्यंत कर्जाची सोय करण्यात आली आणि पुढे ही मर्यादा वाढविण्यात आली. रॉबर्ट रॉलिन्सन या स्थापत्यविशारदाच्या देखरेखीखाली गटारे, रस्ते, जलाशय व उद्याने बांधली गेली. ओल्डहॅमचे अलेक्झांड्रा उद्यान त्यांपैकीच होय. मजुराला भिक्षेऐवजी मजुरी मिळाली आणि गावाला टिकाऊ संपत्ती. परंतु सर्वांत कठीण हिवाळा तोपर्यंत उलटून गेला होता आणि या कामांवर लागलेली माणसे बेकारांच्या मानाने थोडीच होती.

या कथेचे दुसरे टोक मुंबईत आहे. अमेरिकेचा कापूस बंद होताच पश्चिम हिंदुस्थानचा 'सुरती' कापूस लँकेशायरला जाऊ लागला. त्याचा धागा आखूड, वारंवार तुटणारा. त्यामुळे कामावर असलेल्या मजुराची नगावर ठरलेली कमाईही घटली. इकडे मुंबईत मात्र पैशाचा पूर आला. बॅक बे भरून काढण्याच्या योजनेपासून नाना कंपन्या निघाल्या आणि बँक ऑफ बॉम्बेने शेअरांच्या तारणावर मुक्त हस्ते कर्जे दिली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, १ जुलैच्या वायद्यांनी अनेक पेढ्या बुडविल्या. १८६८ मध्ये ती बँकही मोडीत निघाली.

एकाच कापसाच्या दोन टोकांना जगाने दोन मापे वापरली. लँकेशायरच्या मजुराला आठवड्याच्या तीन शिलिंगांसाठी खडी फोडून आपली लायकी पटवावी लागली. मुंबईच्या सटोडियाला लाखो रुपयांसाठी कागदाचा एक तुकडा पुरला. संकटकाळी मजूर आणि धंदा दोघांनाही आधार हवा, याविषयी दुमत नसावे. परंतु गरजवंताची झडती आणि धनवंताची पत ही जेथे न्यायाची रीत होते, तेथे मदत दोघांनाही तारीत नाही.