मुस्लिम विद्यार्थी नेतृत्व (सिंधुदुर्ग)

महाविद्यालयीन विद्यार्थी परिषदांतील मुस्लिम विद्यार्थ्यांचे नेतृत्व. 2011 च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या 8,49,651 असून मुस्लिम सुमारे तीन टक्के आहेत. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या विद्यार्थी संघात मुस्लिम विद्यार्थी बहुसंख्य असत. मालवणच्या स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालयात मात्र मुस्लिम उमेदवाराला गाबीत, भंडारी, मराठा, ख्रिस्ती वर्गमित्रांची मते मिळवावीच लागतील. त्यामुळे इथले नेतृत्व घडते ते खुल्या निवडणुकीतच, आणि ती बंद राहिल्याची झळ याच विद्यार्थ्यांना अधिक बसली आहे.

जिल्ह्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. निवडणुकांतील हिंसाचारानंतर 1994 च्या विद्यापीठ कायद्याने मतदानाऐवजी गुणांवर वर्गप्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. 2016 च्या कायद्याने निवडणुका पुन्हा मान्य केल्या. त्यात एक जागा विद्यार्थिनीसाठी आणि एक मागास प्रवर्गांसाठी राखीव आहे. मुस्लिमांतील काही जाती इतर मागासवर्गात येत असल्याने ही दुसरी वाट त्यांनाही खुली आहे. पण 2019 मध्ये ठरलेल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या.

गुणांवरची नेमणूकच अल्पसंख्याकांच्या हिताची, असे म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे. वर्गात पहिली आलेली मुस्लिम मुलगी कुणाची मनधरणी न करता परिषदेवर बसू शकली. मात्र तिला कुणी निवडलेले नसल्याने, एसटीच्या वेळा किंवा रखडलेली शिष्यवृत्ती यांवर प्राचार्यांशी बोलताना तिच्यामागे वर्गाचा कौल नसे. तीन टक्क्यांचा उमेदवार हरणारच, हा दुसरा आक्षेप. एका वर्गाचा मतदारसंघ लहान असतो, तिथे माणूस ओळखून मत पडते. शिवाय युसूफ मेहेरअली मुंबईत 1928 मध्ये युवक चळवळीच्या अग्रभागी आले आणि 1942 मध्ये महापौर झाले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे समाजसुधारक हमीद दलवाई राष्ट्र सेवा दलातून पुढे आले. दोघांचेही सहकारी सर्व धर्मांचे होते. मुस्लिमांसाठी वेगळी जागा मागणारेही आहेत. पण अशा जागेवरचा प्रतिनिधी फक्त आपल्या समाजाचाच मानला जाईल, हा धोका मला मोठा वाटतो. उरते हिंसेची भीती. तिच्यावर विद्यार्थी निवडणुकांविषयीच्या लिंगडोह समितीने 2006 मध्येच उपाय सुचवले: उमेदवाराचा खर्च 5,000 रुपयांच्या आत, 75 टक्के हजेरी, आणि छापील फलकांना मनाई. मालवण, सावंतवाडी, कणकवलीसारख्या ठिकाणी हे नियम पाळणे अवघड नाही.