बिलिरुबिन चयापचयाचे विकार

बिलिरुबिन या पिवळ्या रंगद्रव्याची निर्मिती, त्यावरील यकृतातील प्रक्रिया किंवा त्याचे उत्सर्जन यांत बिघाड झाल्यास उद्भवणाऱ्या विकारांना बिलिरुबिन चयापचयाचे विकार म्हणतात. कावीळ हे त्यांचे प्रमुख लक्षण होय. निरुपद्रवी आणि जीवघेण्या अशा दोन्ही विकारांत डोळे सारखेच पिवळे दिसतात. त्यामुळे कारण ओळखण्यासाठी रक्ततपासणी आवश्यक असते.

चयापचय

जीर्ण तांबड्या पेशींमधील हिमोग्लोबिनच्या विघटनातून बिलिरुबिन तयार होते. हे अप्रत्यक्ष बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही. यकृतात त्याचा ग्लुकुरॉनिक आम्लाशी संयोग होऊन विद्राव्य असे प्रत्यक्ष बिलिरुबिन बनते व पित्तावाटे आतड्यात जाते.

आनुवंशिक विकार

* गिल्बर्ट संलक्षण : संयोग घडवणारे विकर कमी पडते. उपवास, ताप किंवा अतिश्रमानंतर डोळे किंचित पिवळसर होतात. उपचारांची गरज नसते.
* क्रिग्लर-नज्जर संलक्षण (१९५२) : पहिल्या प्रकारात हे विकर जवळजवळ नसतेच. दररोज अनेक तास प्रकाशोपचार करावा लागतो; कायमचा उपाय यकृत प्रत्यारोपण हा आहे. दुसरा प्रकार सौम्य असून फिनोबार्बिटलने आटोक्यात राहतो.
* डुबिन-जॉन्सन (१९५४) व रोटर (१९४८) संलक्षणे : प्रत्यक्ष बिलिरुबिन वाढते, दोन्ही सहसा निरुपद्रवी असतात.

नवजात कावीळ

नवजात अर्भकाचे यकृत अपरिपक्व असल्याने पहिल्या आठवड्यात सौम्य कावीळ सर्रास आढळते. मात्र जन्मानंतर २४ तासांच्या आत दिसणारी कावीळ, तसेच दूध न ओढणे व सुस्ती ही धोक्याची लक्षणे आहेत. अप्रत्यक्ष बिलिरुबिन फार वाढल्यास ते मेंदूत साठून बहिरेपणा व मेंदूचा पक्षाघात होऊ शकतो. माता आर-एच ऋण व अर्भक आर-एच धन असणे आणि जी-६-पीडी या विकराची कमतरता ही त्याची महत्त्वाची कारणे आहेत. ही कमतरता असलेल्या बाळाला डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवलेले कपडे घातल्यास तांबड्या पेशी वेगाने फुटू शकतात.

निळ्या प्रकाशाने बिलिरुबिनचे विद्राव्य रूपांतर होते. या उपचाराची सुरुवात १९५० च्या दशकात इंग्लंडमधील रॉचफर्ड येथे झाली. कोवळे ऊन हा त्याला पर्याय नाही. प्रकाशोपचार अपुरा पडल्यास रक्तबदल करतात. दोन आठवड्यांनंतरही टिकणारी कावीळ आणि पांढरट शौच ही पित्तनलिका बंद असल्याची लक्षणे असू शकतात. तिची शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाल्यास अधिक यशस्वी ठरते.

महाराष्ट्रातील संदर्भ

माळ घालून किंवा चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ 'उतरवण्याची' प्रथा राज्यात प्रचलित आहे. अनेक प्रकारची कावीळ आपोआप ओसरत असल्याने तिचे श्रेय या उपायांना मिळते. परंतु अर्भकाच्या बाबतीत त्यात गेलेला वेळ भरून निघत नाही. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमांतर्गत (२०११) शासकीय रुग्णालयांत आजारी नवजातांवर मोफत उपचार होतात, तर आशा कार्यकर्त्या घरभेटींतून बाळाची पाहणी करतात. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी (स्थापना १९६३) संलग्न असलेले श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय हे मोठे शासकीय रुग्णालय आहे.