एक तबकडी कीं दोन?

कलावंताच्या पदरीं विपुलता आली म्हणजे त्याची खरी परीक्षा सुरू होते. दारिद्र्यांत निवडीचा प्रश्न उद्भवत नाहीं. जें आहे तें पुढें मांडावें लागतें. परंतु कोठार भरलेलें असतां कोणतें धान्य बाजारांत न्यावें आणि कोणतें घरीं ठेवावें, हें ठरविणें कठीण. रॉक संगीताच्या इतिहासांत हा प्रश्न अगदीं व्यावहारिक रूपानें पुनःपुन्हां उपस्थित झालेला आहे. एखाद्या बँडनें आपलीं गाणीं एका तबकडींत बसवावीं, कीं दोन तबकड्यांचा जोड आल्बम काढावा? वरवर पाहतां हा व्यापाऱ्याचा प्रश्न वाटतो. पण त्याच्या पोटांत कलेचा एक आणि न्यायाचा एक, असे दोन प्रश्न दडलेले आहेत.

प्रथम साधनाचा विचार करूं. १९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी लांब तबकडी बाजारांत आणली. तत्पूर्वीं एका बाजूस तीन-चार मिनिटांचेंच संगीत मावत असे. ज्यांच्या घरीं जुना ग्रामोफोन होता, त्यांस आपल्या ख्यालगायकांनीं तेवढ्या चिमुकल्या अवकाशांत राग कसा उभा केला, हें सांगावयास नकोच. ‘आल्बम’ हें नांवहि त्याच काळचें. अनेक तबकड्या एकत्र ठेवावयाचें जें बांधीव पुस्तक असे, त्यावरून तें रूढ झालें. नव्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें वीस-बावीस मिनिटें मिळूं लागलीं. त्याहून फार अधिक भरूं गेल्यास खांचा एकमेकींच्या जवळ येतात आणि आवाज क्षीण होतो. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची ही मर्यादा कोणा रसिकानें घातलेली नव्हे. ती पदार्थविज्ञानानें घातलेली आहे. पण वृत्ताचें बंधन जसें कवीस पुढें पुढें सोयीचें वाटूं लागतें, तशीच ही मर्यादाहि लवकरच एक घाट होऊन बसली.

हा घाट प्रथम मोडला तो १९६६ सालीं. बॉब डिलन यांचा ‘ब्लाँड ऑन ब्लाँड’ आणि ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’ या बँडचा ‘फ्रीक आउट!’ हे दोन जोड आल्बम त्या वर्षीं निघाले. डिलन यांनीं तर चौथी संपूर्ण बाजू एकाच दीर्घ गाण्यास दिली. तथापि या वादाचें मुख्य प्रकरण म्हणजे २२ नोव्हेंबर १९६८ रोजीं इंग्लंडांत प्रसिद्ध झालेला बीटल्सचा आल्बम होय. त्याचें नांव नुसतें ‘द बीटल्स’. परंतु चित्रकार रिचर्ड हॅमिल्टन यांनीं योजिलेल्या कोऱ्या वेष्टनामुळें जग त्यास ‘व्हाइट आल्बम’ म्हणूनच ओळखतें. त्यांत ३० गाणीं असून एकंदर काल सुमारें ९३ मिनिटांचा आहे.

एवढीं गाणीं आलीं कोठून? १९६८ च्या आरंभीं हे चौघे हृषीकेश येथें महर्षि महेश योगी यांच्या आश्रमांत राहावयास गेले होते. तेथील निवांतपणांत गाण्यांचें अमाप पीक आलें. त्यापूर्वींच जानेवारींत जॉर्ज हॅरिसन मुंबईस येऊन एच. एम. व्ही. च्या स्टुडिओंत आपल्या वाद्यवादकांकडून एका चित्रपटाचें संगीत ध्वनिमुद्रित करून गेले होते. परंतु लंडनला परतल्यावर जें मुद्रण चाललें, तें सुखाचें नव्हतें. जुलैंत ध्वनिमुद्रक जेफ एमरिक काम सोडून गेले. ऑगस्टांत रिंगो स्टार यांनींहि बँड सोडला, ते सुमारें दोन आठवड्यांनीं परतले.

निर्माते जॉर्ज मार्टिन यांचें मत स्पष्ट होतें. तीस गाण्यांतून उत्तम तेवढीं निवडावीं आणि एकच, पण निर्दोष तबकडी काढावी. या मताच्या बाजूनें पुष्कळ बोलतां येईल. कलाकृतीचें सौंदर्य आकार आणि रचना यांवर अवलंबून असतें, असें ॲरिस्टॉटलनें सांगून ठेवलें आहे. आणि आठ मिनिटांहून अधिक चालणारा ‘रेव्होल्यूशन ९’ हा ध्वनींचा गोंधळ ऐकतांना मार्टिनसाहेबांची आठवण न होणारा श्रोता विरळा. रिंगो स्टार यांनीं पुढें सुचविलें कीं, दोन स्वतंत्र तबकड्या काढावयास हव्या होत्या. पॉल मॅक्कार्टनी यांनीं मात्र आल्बम आहे तसाच योग्य, असा पक्ष घेतला.

येथें एक गोष्ट बारकाईनें पाहण्यासारखी आहे. तिसांपैकीं २५ गाणीं लेनन व मॅक्कार्टनी या जोडीच्या नांवावर आहेत, ४ हॅरिसन यांचीं आणि १ स्टार यांचें. हॅरिसन यांचें एकेक गाणें चारी बाजूंस वांटून दिलेलें आहे. आदल्या वर्षींच्या ‘सार्जंट पेपर’ या एकेरी आल्बमांत त्यांचें एकच गाणें होतें. ऑक्टोबरच्या मध्यास गाण्यांचा क्रम ठरविण्यासाठीं सुमारें चोवीस तासांची अखंड बैठक झाली, तींत लेनन, मॅक्कार्टनी आणि मार्टिन होते; हॅरिसन व स्टार हजर नव्हते. समजा, त्या बैठकींत तिसांचीं चौदा करावयाचीं ठरलें असतें, तर कात्री प्रथम कोणावर चालली असती? एकत्र कुटुंबांत जागा अपुरी पडली म्हणजे धाकट्या भावाचें बिऱ्हाड ओसरीवर येतें, हा अनुभव सार्वत्रिक आहे. दुसरी तबकडी ही या घरास वाढविलेली खोली होती. तिनें कुटुंब तुटावयाचें टळलें नाहीं हें खरें. १९७० सालीं तें तुटलेंच. आणि त्याच वर्षीं हॅरिसन यांनीं साठलेलीं गाणीं घेऊन तीन तबकड्यांचा ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ काढला. किती दाबून ठेविलें होतें, त्याचा याहून चांगला पुरावा कोणता?

म्हणजे ‘निवड करा’ हा उपदेश निरपवाद खरा असला, तरी निवड कोण करणार, हा प्रश्न शिल्लक राहतोच. बँड ही एका कवीची वही नव्हे.

इतर बँडांनीं हा प्रश्न आपापल्या परीनें सोडविला. लेड झेपेलिननें १९७५ च्या ‘फिजिकल ग्राफिटी’साठीं केलेलीं आठ गाणीं एका तबकडींत मावेनात, म्हणून पूर्वीं राहून गेलेलीं सात घालून दोन भरल्या. द क्लॅश या बँडनें १९७९ सालीं ‘लंडन कॉलिंग’ची एकोणीस गाणीं दोन तबकड्यांवर देऊन किंमत मात्र एकीचीच ठेवविली. पुढल्या वर्षींच्या तीन तबकड्यांच्या ‘सँडिनिस्टा!’साठीं त्यांनीं आपल्या मानधनाचा भागहि सोडला. आपल्या विपुलतेचा भार ग्राहकाच्या खिशावर न टाकण्याची ही वृत्ति खचित स्तुत्य आहे. उलटपक्षीं, गन्स एन् रोझेस यांनीं १९९१ सालीं एकाच दिवशीं दोन स्वतंत्र आल्बम विक्रीस ठेविले, प्रत्येकीं सुमारें सव्वा तासाचा! १९८२ पासून आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कनें मर्यादाच सैल केली होती. आतां तर ती मुळींच उरलेली नाहीं. पण मर्यादा गेली म्हणजे विवेकाची गरज गेली, असें नव्हे, ती वाढते.

आमच्या मतें कसोटी एकच. दुसरी तबकडी काढून घेतली असतां पहिलीचा अर्थ बदलतो काय? बदलत नसेल, तर ती खुशाल फडताळांत राहूं द्यावी. ‘व्हाइट आल्बम’ या कसोटीस उतरतो. कोणत्याहि चार जाणकारांस त्यांतून चौदा गाणीं निवडावयास सांगा. चौघांच्या याद्या जुळावयाच्या नाहींत. त्यांतील विसंगति हेंच त्याचें कथानक आहे : चार माणसें एका छपराखालीं राहून चार दिशांस निघालेलीं. एका तबकडींत तें अधिक सुबक दिसलें असतें; परंतु तें खरें मात्र राहिलें नसतें.