क्लेम म्हणजे काय? अर्थ आणि उगम

‘क्लेम’ हा इंग्रजी शब्द विम्याच्या व्यवहारामुळे मराठीत रुळला आहे. तो नाम आणि क्रियापद अशा दोन्ही प्रकारे वापरला जातो.

मुख्य अर्थ

१. हक्क सांगणे : जमीन, वारसा किंवा नुकसानभरपाई आपली आहे असे म्हणून ती मागणे.

२. ठाम विधान करणे : पुरावा मिळण्याआधीच एखादी गोष्ट खरी आहे असे सांगणे. बातम्यांत येणारा ‘कंपनीचा दावा’ तो हाच.

३. बळी घेणे : पुराने किंवा अपघाताने माणसांचे प्राण घेणे.

उगम

लॅटिनमधील ‘क्लामारे’ म्हणजे ओरडणे, हाक मारणे. तेथून जुन्या फ्रेंचमार्गे हा शब्द १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला. ‘प्रोक्लेम’ आणि ‘एक्सक्लेम’ हे त्याच कुळातले. मराठीतील ‘दावा’ अरबीतून फारसीमार्गे आला. त्याच्या मूळ धातूचा अर्थही हाक मारणे असाच आहे.

क्लेम आणि हक्क यांतील फरक

क्लेम केला म्हणजे हक्क सिद्ध झाला असे नाही. त्यासाठी पुरावा लागतो. उलट, हक्क असूनही तो सांगितला नाही, तर पदरात काही पडत नाही. भारतात १० वर्षे कोणीही न मागितलेली बँक ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते. मात्र त्यानंतरही ठेवीदार किंवा त्याचे वारस आपल्या बँकेकडे अर्ज करून ती परत मागू शकतात.